परत यायचं कारण

३ जानेवारी २०२५, हिवरखेड

कृषी केंद्रवाल्या धर्मपालनं दरवर्षीसारखी डायरी दिली. दरवर्षी मी तिच्यात फवारणी, खत, पाणी एवढंच लिहितो आणि मार्चपर्यंत तेही बंद पडतं. यंदा घरात बोलायला माणूस नाही, म्हणून म्हटलं दोन ओळी जास्त लिहू. कौशल्या मागच्या श्रावणापासून अमरावतीला आमच्या गोपालकडं आहे. नातू लहान, सुनेची नोकरी, मग आजीला जावंच लागतं. आचल, आमची धाकटी, दोन वर्षं झाली ऑस्ट्रेलियात शिकते. घरात मी, एक मांजर आणि घरघर करणारा फ्रिज.

संत्र्याच्या बागेला पंधरा डिसेंबरपासून ताण दिला आहे. ताण म्हणजे पाणी तोडायचं. झाड तहानलं, पानं मलूल झाली, की मग पाणी सोडायचं, तेव्हा ते फुलतं. ताण कमी पडला तर नुसता पाला येतो, जास्त झाला तर झाड वाळतं. कधी सोडायचं हे आचल ठरवायची. अकोल्याला बी.एस्सी. अ‍ॅग्री करून आली आणि चार वर्षं बागेतच होती. सकाळी ऊन चढायच्या आत पान हातात घेऊन बघायची. आता मी बघतो. मला सगळी पानं सारखीच दिसतात.

८ जानेवारी

पाणी सोडलं. चोवीस दिवस झाले होते. आचलनं फोनवर बजावलं होतं, काळी जमीन आहे, ओल धरून ठेवते, चाळीसच्या आत सोडू नका. पण झाडांची तोंडं पाहवेनात. आठ एकरातली झाडं माना टाकून उभी आणि विहिरीत पाणी असताना मी नुसता पाहत बसायचं, हे मला जमत नाही. मी काही कसाई नाही. मोटर सुरू केली तेव्हा मोकळं वाटलं.

तिला सांगितलं नाही.

४ फेब्रुवारी

पाला आला. हिरवागार, पाहून घ्यावा असा. फूल मात्र दहा झाडांत एकावर, तेही वरवरचं. शेजारच्या बागेत वास सुटला आहे फुलांचा, आमच्यात नाही.

आचलचा फोन. "बाबा, किती दिवसांनी सोडलं पाणी?"

"चाळीस."

"मंग असं नाही व्हायले पाहिजे. व्हिडिओ कॉल लावा, मले झाडं दाखवा."

म्हटलं, इकडं नेट चालत नाही. नेट चांगलं चालत होतं. साठीच्या माणसानं पोरीला खोटं सांगावं म्हणजे काय, पण सांगितलं. ती म्हणाली बरं, बहार झाल्यावर खत द्यायला विसरू नका. तिकडं ती ज्या बागेत शिकायला जाते ती तीनशे एकर आहे म्हणे, नदीच्या काठी. तीही संत्र्याचीच. मी तिला नेहमी चिडवतो, अगं संत्र्यासाठी इतकं लांब जायची काय गरज होती, इथं काय भोपळे लागतात काय? आधी हसायची. आता म्हणते, बाबा तुमचा तोच जोक.

९ फेब्रुवारी

थंडी गेली म्हणून गोधड्या कपाटात ठेवायला गेलो तर आचलच्या खणात ती साडी दिसली. पिशवीसकट, घडीसुद्धा मोडलेली नाही. पोट्टी इतकी विसरभोळी नव्हती, पण जायच्या गडबडीत राहिली असेल.

ही हक्कसोडची साडी. आमच्याकडं रीत आहे. बहिणीनं बापाच्या जमिनीवरचा हक्क सोडल्याच्या कागदावर सही करायची, आणि भावानं तिला साडीचोळी करायची. माझ्या तिन्ही बहिणींनी केली. कौशल्यानं तिच्या भावाला करून दिली. आचल जायच्या महिनाभर आधी, नऊ जानेवारीला, आम्ही तिघं तेल्हाऱ्याला नोंदणी कार्यालयात गेलो. गोपाल म्हणाला होता, ती गेल्यावर सहीसाठी कोण येईल, आत्ताच करून घेऊ. मलाही पटलं. मी पेन दिला, तिनं सही केली, अंगठा मशीनवर ठेवला, फोटो काढला. पंधरा मिनिटांत काम. बाहेर येऊन तिघांनी उसाचा रस प्यायला. गोपालनं साडी चांगली घेतली होती, आंबा रंगाची, काठ मोठा.

येताना बसमध्ये ती खिडकीपाशी बसली होती. एवढी बडबडी पोर, हिवरखेड येईपर्यंत काही बोलली नाही. आईला सोडून जायचं होतं ना, वाईट वाटत असेल.

साडीत डांबराच्या गोळ्या टाकून ठेवल्या.

२३ मार्च

गावात कोणी भेटलं की दुसरा प्रश्न नाही. आचल कधी येते? मी सांगतो, जुलैत शिक्षण संपते, मग येईल. लोक मान हलवतात. तिकडं गेलेलं कोणी येते काय, असं तोंडावर म्हणत नाहीत, पण चेहऱ्यावर दिसतं.

आज तिनं विचारलं, "बाबा, बागेचं काय ठरलं?"

"काय ठरायचं? आहे तशी आहे."

"दादा काय म्हणते?"

म्हटलं, तू कशाला त्या भानगडीत पडते, तू अभ्यास कर, गोपाल आहे ना पाहायला. तिच्या डोक्याला ताप नको म्हणून म्हटलं. गोपाल बागेत शेवटचा आला त्याला दीड वर्ष झालं, पण ते तिला सांगून काय करायचं?

११ मे

पंचेचाळीस डिग्री. गोपाल आला होता, गाडी घेऊन, एसी लावून. जेवला नाही, म्हणाला घरून करून आलो. अकोट रस्त्याचं काम झाल्यापासून बागेपर्यंत प्लॉट पडत आले आहेत. एक लेआउटवाला विचारतो आहे. गोपाल म्हणाला, "बाबा, यंदा फळ नाही, पुढच्या साली तुमी अजून एक वर्षानं म्हातारे. कोण करीन हे? इकून टाकू. तुमी अमरावतीले या."

बरोबर बोलतो तो. रागावण्यासारखं काही नाही त्यात. मी म्हटलं, पाहू. तो गेल्यावर बागेत गेलो आणि मागच्या ओळीपाशी बसलो. ही ओळ आचलनं लावली, रोपांची कलमं स्वतः बांधून. ठिबकही तिनंच बसवून घेतलं. गावातले लोक तेव्हा आचलची बाग म्हणायचे. मी दर वेळेला दुरुस्त करायचो की बाबा रे, गोपालची. पोरीचं नाव उगाच कशाला, उद्या लग्न होऊन जायची.

लग्नावरून आठवलं. अकोटचं एक स्थळ आलं आहे. मुलगा बँकेत, घर स्वतःचं. फोटो आचलला पाठवला. तिनं अंगठा पाठवला. अंगठ्याचा अर्थ हो की पाहिला, ते कळलं नाही.

२० जून

आचल परीक्षा पास झाली. वर्गात दुसरी. ज्या बागेत शिकत होती त्यांनीच नोकरी देऊ केली. चार वर्षांचा करार, मग कायमचं राहायचं पत्रही ते मिळवून देतात. दिवाळीपर्यंत हो की नाही सांगायचं आहे.

मी विचारलं, मग?

ती म्हणाली, "बाबा, मी आली तर तिथं काय करू?"

सरळ प्रश्न होता आणि मी सरळ उत्तर दिलं. म्हटलं, काय करायचं म्हणजे? घरी राहा, आईच्या हातचं खा, अकोटचं स्थळ अजून थांबलेलं आहे. अमरावतीत एखादी नोकरीही मिळेल. बँकेच्या परीक्षा देतात पोरी आजकाल.

"बरं," म्हणाली. इतकं सगळं समजावून सांगितलं तर बरं, एवढंच.

मांजर आज आलं नाही.

१७ ऑगस्ट

लोक देश सोडून का जातात, हे मी महिनाभर ज्याला त्याला विचारतो आहे. गावाला वाटत असेल, किसनरावचं डोकं सरकलं. धर्मपाल म्हणतो पगार. त्याच्या साल्याचा पोरगा दुबईत आहे, सहा महिन्यांत बुलेट घेतली. हायस्कूलचे सर म्हणतात, तिकडं कामाची कदर आहे, इकडं वशिल्याशिवाय पान हलत नाही. दवाखान्यातली साधना नर्स जर्मन भाषा शिकून राहिली. ती म्हणे, काका, तिकडं बाईमाणूस रात्री बारालेही एकटी घरी जाऊ शकते. एकजण म्हणाला हवा चांगली. एकजण म्हणाला, सासू नसते तिकडं.

यातलं आचलला काहीच लागू पडत नाही. पैशाचा तिला सोस नव्हता. चार वर्षं बागेत राबली तर कधी एक रुपया मागितला नाही, आणि मीही दिला नाही, घरचंच काम. वशिला लागत नव्हता. सासू नव्हती. हवा बागेपेक्षा चांगली कुठली असणार? मग गेली कशाला आणि येत का नाही? माझी मती चालत नाही.

आज पाच जणांचा स्वयंपाक केल्यासारखी खिचडी झाली. अंदाजच येत नाही एकट्याचा. तीन वेळा तीच खाल्ली.

२८ सप्टेंबर

आज मी मोठं मन केलं. ते लिहून ठेवतो.

आचल म्हणाली, "बाबा, दिवाळी आली. काय सांगू मी त्यायले?"

मी दोन दिवस विचार करून ठेवला होता. तिला माझ्यासाठी अडकून पडायला लागू नये. घसा साफ करून म्हटलं, "हे पाह्य बेटा, आमची काळजी करू नोको. इकडं तुह्यासाठी काही अडून राहिलं नाही. बागेचंही काय ते गोपाल पाहून घेईन, गिऱ्हाईक आलं आहे. तू तिकडंच सेटल हो. माह्याकडून परवानगी आहे तुले."

हे बोलताना मला रडू येत होतं पण येऊ दिलं नाही. वाटलं, ती म्हणेल बाबा तुम्ही किती चांगले. पण पलीकडून काहीच आवाज नाही. मी चारदा हॅलो हॅलो केलं. नेट गेलं असेल. मग फोन बंद झाला.

२४ ऑक्टोबर, अमरावती

दिवाळीला इकडं आलो. काल भाऊबीज. आचलनं फोनवरूनच गोपालला ओवाळलं, तिकडच्या मेणबत्तीनं. मग सांगितलं की करारावर सही करून दिली. गोपाल म्हणाला अभिनंदन. सुनेनं नातवाला टाळ्या वाजवायला लावल्या. कौशल्या उठून स्वयंपाकघरात गेली. मी मागं गेलो तर म्हणाली, "तुमीच परवानगी देल्ली ना तिले? मंग आता तोंड काहून पाडता?"

आज सकाळी फिरायला जातो म्हणून निघालो आणि राजकमल चौकाकडं गेलो. आचलच्या व्हिसाचं काम ज्यानं केलं त्या कुंदनचं ऑफिस तिकडं आहे. भिंतभर गेलेल्या पोरांचे फोटो. आचलचाही आहे, तिसऱ्या ओळीत. त्यानं चहा मागवला. मी त्याला सरळ विचारलं, एवढी पोरं पाठवतोस, सांग, का जातात?

"काका, ते मले विचारू नका, माही रोजीरोटी आहे," हसला. मग म्हणाला, "कारणं बहुत असतात. तुमच्या पोरीचं मात्र उलटंच होतं. मले आजपर्यंत याद आहे."

"उलटं म्हणजे?"

"व्हिसावाले विचारतात, शिकणं झाल्यावर तू वापस काहून जाशील? त्याचं कारण लिहा लागते, पुरावा जोडा लागते. बाकीच्या पोट्ट्यायले जायचं कारण तोंडपाठ असते, वापस यायचं सुचत नाही. मीच लिहून देतो, म्हातारे मायबाप, घर, काहीबाही. तुमची आचल चार पानं लिहून घेऊन आली होती. बाग किती, झाडं किती, कोणती ओळ म्हातारी झाली, शिकून आल्यावर कुठी काय लावणार. नकाशा काढला होता काका तिनं. संगं सातबारा. जायचं कारण तेवढं धड नव्हतं तिच्यापाशी, ते मी लिहून देल्लं."

सातबारा मीच आणून दिला होता सेतू केंद्रातून. कशाला पाहिजे म्हणून विचारलं नव्हतं. म्हटलं, लागत असेल कुठंतरी.

"तारीख पाह्य बरं," मी म्हटलं.

त्यानं कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. फाइल अठरा नोव्हेंबरला दिली. व्हिसा आला चार जानेवारीला.

आणि नऊ जानेवारीला मी तिला तेल्हाऱ्याला नेलं.

चहा तसाच राहिला. कुंदन विचारत होता, काका बरं वाटून नाही राहिलं काय? मी म्हटलं, काही नाही, ऊन लागलं. ऑक्टोबरातलं सकाळचं ऊन.

२९ ऑक्टोबर, तेल्हारा-हिवरखेड

नागसेनकडं गेलो. नोंदणी कार्यालयाच्या बाहेर बसून दस्त लिहितो. आचलचं हक्कसोडही त्यानंच लिहिलं होतं. त्याला म्हटलं, तो कागद मोडायचा आहे.

"मोडायले ते काय लग्न आहे काय दादा? नोंदला, झालं."

"बरं. मंग आठातले माह्या हिश्शाचे चार एकर तिच्या नावानं बक्षीस करून दे."

त्यानं चष्मा काढला. "पोरगी कुठी राह्यते सध्या?" मी सांगितलं. "तिकडं पक्की झाली?" म्हटलं, चार वर्षांचा करार झाला. "मंग शेती बक्षीस करता येत नाही तिले. बाहेर राहणाऱ्याले घर देता येते, शेती नाही देता येत. वकिलाले विचारून घ्या, पण मले मालूम आहे ते असंच आहे."

"काहीच रस्ता नाही?"

"आहे. मृत्युपत्र करा. तुमच्या मागं वारसानं मिळू शकते तिले." मग त्यालाच कसंतरी वाटलं. म्हणाला, तसं नाही दादा, तुमी शंभर वर्षं जगा.

म्हणजे दिवाळीआधी आलो असतो तर काहीतरी करता आलं असतं. आता तिला बाग द्यायची तर मी मरायला पाहिजे. मी हसलो तर नागसेन घाबरला. मृत्युपत्र लिहायला सांगून आलो. त्यानं तिचा पत्ता विचारला. अडीच वर्षं झाली, मला पोरीचा पत्ता माहीत नव्हता. कधी लागलाच नव्हता. कौशल्याला फोन करून घेतला आणि एकेक अक्षर त्याला सांगितलं.

संध्याकाळी गोपालला कळवलं की लेआउटवाल्याला नाही म्हणून सांग, मी आहे तोवर बाग विकायची नाही. तो म्हणाला, करणार कोण? मी म्हटलं, मी.

"तुमाले ताण देता येत नाही बाबा," तो म्हणाला. खरं आहे.

९ नोव्हेंबर

जे थोडं फळ होतं ते उतरलं. आज आचलला फोन केला. आधी डायरीतच लिहून काढलं होतं काय बोलायचं, पण चष्मा सापडेना, मग जे आलं ते बोललो. म्हटलं, कुंदन भेटला होता. म्हटलं, जानेवारीत मी चाळीस नाही, चोवीस दिवसांत पाणी सोडलं होतं, तुला खोटं सांगितलं. म्हटलं, तुझी सही घ्यायला नको होती.

तिनं तिकडं दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

मग म्हणाली, "बाबा, तुमी विचारलं असतं ना, तर मी केलीच असती सही. दादाले देल्ली असती सगळी बाग. तुमी विचारलं नाही. पेन देल्ला."

मी म्हटलं, हो.

"मी बसमधी मनात म्हून राहिली होती की तुमी काही तरी बोलसान. हिवरखेड येईपर्यंत तुमी उसाच्या रसाचंच बोलले."

मला आठवतं ते. बर्फ जास्त टाकला म्हणून मी रसवाल्याला शिव्या देत होतो. बसमध्ये गप्प ती नव्हती एकटी. मला वाटलं होतं मीच बोलतो आहे, पण तिच्याशी मी काहीच बोललो नव्हतो.

विचारलं, "आता?"

"आता करार केला बाबा. चार वर्षं. इथले लोक सकाळच्या मीटिंगमधी मले विचारतात, आचल, या ओळीचं काय करायचं?" मग म्हणाली, "अजूनही हिवरखेडचं उत्तर तोंडात येते. मंग आठवते, इथी पाऊस वेगळा आहे."

मृत्युपत्राचं तिला सांगितलं नाही. सांगण्यासारखं नाही ते.

२० नोव्हेंबर

पाणी तोडलं. यंदा रोज सकाळी व्हिडिओ कॉल लावायचा असं ठरलं. मी सातला बागेत जातो, तिच्याकडं तेव्हा जेवणाची सुट्टी असते. फोन पानाजवळ धरतो. ती म्हणते, उलटं करा, खालून दाखवा, हलवा नोका. मी हलवत नाही, हात हलतो.

३१ डिसेंबर

एकेचाळीस दिवस. झाडं पार उतरली आहेत. मागची ओळ तर अशी दिसते की काळजात चर्र होतं. विहीर भरलेली, मोटरचं बटण हाताशी. काल संध्याकाळी बटणावर बोट ठेवून उभा राहिलो आणि परत आलो.

सकाळी फोन लावला. तिला सगळ्या ओळी दाखवल्या, शेवटी मागची. ती जेवता जेवता पाहत होती. म्हणाली, "तुमाले काय वाटते बाबा? पाणी सोडायचं तुमीच ठरवा आता. झाडाजवळ तुमी आहा."

म्हटलं, "मी नाही ठरवत. तू सांग. बाग तुही आहे."

पलीकडून काही आवाज नाही. मी हॅलो हॅलो केलं नाही. नेट गेलेलं नव्हतं. तिकडच्या पाखरांचं ओरडणं येत होतं, कोणीतरी ट्रॅक्टर सुरू केला ते येत होतं. मी फोन तसाच झाडासमोर धरून उभा राहिलो. हाताला रग लागली.

मग तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, "पान अजून एकदा दाखवा. खालून."

दाखवलं.

"अजून पाच दिवस थांबा. तोवर बटणाले हात लावू नोका."

पाच जानेवारीला पाणी सोडायचं. ही डायरी संपली. धर्मपालकडून उद्या नवी आणायची आणि पहिल्या पानावर ही तारीख लिहून ठेवायची.